सुदर्शन तलाव फुटला तेव्हा



मार्गशीर्ष लागला की आपली गुरुवारांची गडबड सुरू होते. घट मांडायचा, कहाणी वाचायची, शेवटच्या गुरुवारी हळदीकुंकवाला कुणाकुणाला बोलवायचं ते ठरवायचं. पाऊस केव्हाच गेलेला असतो. ज्वारी पोटऱ्यात आलेली असते, विहिरीला पाणी असतं, तलाव भरलेला असतो. पाण्याच्या बाबतीत वर्षातले हे निर्धास्त दिवस. म्हणून आजच्या हकिगतीची तिथी आधी सांगते. मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा, शक ७२, म्हणजे इसवी सन १५० च्या सुमाराची गोष्ट. त्या दिवशी सौराष्ट्रात, गिरनार डोंगराच्या पायथ्याशी असलेला सुदर्शन नावाचा तलाव वादळात फुटला.

इतक्या जुन्या तलावाची फुटल्याची तिथी आपल्याला कशी ठाऊक? तर ती खडकावर कोरलेली आहे. जुनागढ शहरातून गिरनारकडे निघालं की वाटेत एक भलामोठा खडक लागतो. त्यावर तीन वेगवेगळ्या काळांतले लेख आहेत. सगळ्यांत जुने सम्राट अशोकाचे आदेश, प्राकृत भाषेतले. त्यानंतर महाक्षत्रप रुद्रदामन या राजाचा लेख, आणि मग गुप्त राजा स्कंदगुप्त याच्या काळातला. अशोकाच्या आदेशांत वाटेवर विहिरी खणल्याचा आणि झाडं लावल्याचा उल्लेख आहे. बाकीचे दोन्ही लेख या एकाच तलावाच्या फुटण्याचे आणि दुरुस्तीचे आहेत. राजांचे लेख म्हणजे लढाया, दानं आणि बिरुदं, अशी आपली समजूत असते. इथं दोनदा तलाव फुटला आणि दोनदा तो कसा बांधला हे लिहून ठेवलंय.

हे लेख वाचण्यात आपल्याकडच्या एका माणसाचाही हात आहे, हे जाता जाता सांगते. मुंबईतले डॉक्टर भाऊ दाजी लाड, मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे. भायखळ्याच्या संग्रहालयाला त्यांचंच नाव आहे. त्यांनी या लेखांचं वाचन नव्यानं केलं, आणि त्यांच्याबरोबर काम करायला भगवानलाल इंद्रजी आले. भगवानलाल तर जुनागढचेच. लहानपणीच त्यांना या खडकावरच्या अक्षरांचा नाद लागला होता. दवाखाना चालवणारा डॉक्टर आणि खडकावरची अक्षरं गिरवणारा मुलगा. तेव्हाची माणसं फावल्या वेळात काय काय करायची!

आता तलावाकडे येऊ. तो बांधला चंद्रगुप्त मौर्याच्या काळात. त्या प्रांताचा अधिकारी पुष्यगुप्त नावाचा वैश्य होता, त्यानं बांधून घेतला. पुढे अशोकाच्या वेळी तुषास्फ नावाच्या यवन राजानं त्याला पाणी सोडण्याच्या मोऱ्या केल्या. म्हणजे रुद्रदामनाच्या काळात तलाव साडेचारशे वर्षांचा तरी झाला होता. बांध माती आणि दगडाचा, सांधे पक्के, कुठं फट नाही, डोंगराच्या सोंडेशी बरोबरी करावी असा. लेखात दोन शब्द येतात, प्रणाली आणि परीवाह. ज्यांनी तलावावर काम केलंय त्यांना हे लगेच कळेल. प्रणाली म्हणजे पाणी शेताकडे सोडायची मोरी, आणि परीवाह म्हणजे जादाचं पाणी काढून देणारा सांडवा. मातीच्या बांधाचा जीव या सांडव्यात असतो. सांडवा अपुरा पडला की पाणी बांधावरून वाहायला लागतं, आणि मातीवरून एकदा पाणी वाहिलं की ते थांबत नाही. आधी बोटभर, मग हातभर, मग गाडी जाईल एवढं.

त्या मार्गशीर्षात नेमकं तसंच झालं असावं. खूप पाऊस झाला, जमिनीचा जणू समुद्र झाला, असं लेख सांगतो. डोंगरावरून येणाऱ्या सुवर्णसिकता, पलाशिनी आणि इतर ओढ्यांना पूर आला. योग्य ती काळजी घेतली होती, हे लेखात मुद्दाम नोंदवलंय, तरीही उपयोग झाला नाही. कारण बरोबर वारा होता. त्या वाऱ्यानं डोंगराची टोकं, झाडं, बुरूज, माड्यांचे वरचे मजले, वेशी सगळं मोडून टाकलं. तलावाचं पाणी घुसळून निघालं. दगड, झाडं, झुडपं, वेली इतस्ततः फेकल्या गेल्या, आणि बांध नदीच्या तळापर्यंत उघडा पडला.

लेखात चक्रीवादळ हा शब्द नाही. पण अरबी समुद्रातली वादळं पावसाळ्याच्या आधी मे-जूनमध्ये येतात, तशी पावसाळा संपल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर याही काळात येतात. फयान आठवतंय ना? ११ नोव्हेंबर २००९. कोकणातल्या किती घरांतली माणसं समुद्रावरून परत आली नाहीत. ओखीच्या वेळी, २०१७ च्या डिसेंबरात, मुंबईत छत्र्या बाहेर काढाव्या लागल्या होत्या. मार्गशीर्षातलं हे वादळ त्याच जातीचं दिसतं. आणि ते वाईट वेळी आलं. जूनमध्ये तलाव रिकामा असतो, पुराचं पाणी पोटात घेतो. मार्गशीर्षात तो आधीच काठोकाठ भरलेला.

भगदाडाचं माप लेखात दिलंय. लांबी ४२० हात, रुंदी तेवढीच, खोली ७५ हात. हात दीड फुटाचा धरला तर ६३० फूट लांब आणि ११० फुटांहून जास्त खोल. सगळं पाणी वाहून गेलं आणि तलाव वाळवंटासारखा झाला. सुदर्शन म्हणजे दिसायला सुंदर. तो दुर्दर्शन झाला, असा शब्द लेख लिहिणाऱ्यानं वापरलाय. मला या वर्णनातली एक बारीक गोष्ट फार आवडते. बांध फुटल्यावर आतली तुषास्फानं बांधलेली जुनी मोरी त्या भगदाडात दिसली, असं लिहिलंय. चारशे वर्षं मातीत गाडलेलं काम उघडं पडलं, आणि ते चांगलं, राजाला शोभेल असं केलेलं होतं, हे बघणाऱ्यानं ओळखलं. फुटलेल्या बांधापाशी उभं राहून कुणीतरी जुन्या कारागिराला दाद दिली!

पुढे जे झालं ते ऐकून तुम्हाला आपलंच गाव आठवेल. राजाचे दोन प्रकारचे सचिव होते. मतिसचिव म्हणजे सल्ला देणारे आणि कर्मसचिव म्हणजे कामं करून घेणारे. अमात्याला लागणारे सगळे गुण त्यांच्यात होते, असंही लेख म्हणतो. पण भगदाडाचा आकार बघून त्यांचा उत्साह गेला आणि त्यांनी कामाला विरोध केला. खर्च फार, व्हायचं नाही. आता बांध पुन्हा होत नाही हे कळल्यावर लोकांत हाहाकार उडाला. हे राजाच्या स्वतःच्या लेखात कोरलंय, हे लक्षात घ्या. आपल्याच सचिवांनी नकार दिला होता, हे कोण दगडावर लिहून ठेवतं?

तरी बांध झाला. पहिल्यापेक्षा लांबी-रुंदीला तिप्पट मजबूत, आणि फार काळ न लावता. तो कसा झाला हे सांगताना लेखात जे येतं त्यासाठीच मी आज हा विषय घेतलाय. रुद्रदामनानं शहरातल्या आणि खेड्यांतल्या लोकांना कर, विष्टी आणि प्रणय यांनी न पिडता, स्वतःच्या खजिन्यातून पैसा घालून हे काम केलं, असं तिथं लिहिलंय.

कर आपल्याला माहीत आहे. विष्टी म्हणजे बिनमोबदला, सक्तीनं करून घेतलेलं काम. आपला वेठ हा शब्द, वेठबिगारीतला, याच विष्टीवरून आला. आणि प्रणय? शब्द ऐकून हसू येतं. प्रणय म्हणजे प्रेम. इथं त्याचा अर्थ राजानं प्रेमानं मागितलेली जादा रक्कम. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हा शब्द येतो. खजिना रिकामा झाला, अडचण आली, की शेतकऱ्यांकडून धान्याचा तिसरा-चौथा हिस्सा असा मागावा, पण एकदाच मागावा, दुसऱ्यांदा मागू नये, असं तिथं सांगितलंय. म्हणजे वरून प्रेमाचं मागणं आणि आतून नाही म्हणायची सोय नाही. आपण याला काय म्हणतो? ऐच्छिक वर्गणी.

आमच्या गावचा पाझर तलाव फुटला होता त्याची आठवण सांगते. दहा-बारा वर्षं झाली असतील. दिवाळी तोंडावर आली होती. रात्रभर ढगफुटीसारखा पाऊस पडला आणि पहाटे सांडव्याच्या बाजूनं बांध गेला. सकाळी आम्ही बायका धावत गेलो तर तळ्यात नुसता चिखल, आणि खालच्या चार-पाच जणांच्या शेतात दगडगोट्यांचा थर. सरकारी मंजुरीला वर्ष-दीड वर्ष लागेल, असं कळलं. मग देवळात बैठक झाली. ठरलं की घरटी एक माणूस रोज श्रमदानाला, आणि घरटी अमुक इतकी वर्गणी. माणूस न दिल्यास दंड.

ऐकायला बरोबर वाटतं. पण आमच्या गावातली निम्मी गडी माणसं तेव्हा पुण्या-मुंबईला कामाला होती. घरटी एक माणूस म्हणजे घरटी एक बाई. माझी जाऊ रोज दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची, तेव्हा घरात चूल पेटायची. श्रमदानाला गेली की त्या दिवसाचा रोज बुडाला, न गेली तर दंड. ज्यांची तलावाखाली वीस एकर बागाईत होती त्यांच्या घरचाही एकच माणूस, आणि हिच्या एकटीच्या घरचीही एकच. तिनं बैठकीत उभं राहून विचारलं, "दादा, पाणी ज्याच्या रानात जास्त जाणार त्यानं पाट्या जास्त टाकायच्या, असं का नाही ठरवत?" बैठकीत सगळे गप्प. मग कुणीतरी म्हणालं, "वहिनी, गावाचं काम आहे, असा हिशोब करायचा नसतो." बांध झाला. आम्हीच केला. मला त्याचा अभिमानही आहे. पण जाऊबाईच्या प्रश्नाचं उत्तर काही कुणी दिलं नाही, आणि पुढे हा लेख माझ्या वाचनात आला तेव्हा पहिल्यांदा तीच आठवली. रुद्रदामनानं वेठ घेतली नाही, हे त्याच्या लेखकाला कौतुकानं दगडात कोरावंसं वाटलं. यावरूनच समजतं की इतर वेळी तलाव फुटला की काय होत असे. रिवाजच वेठीचा होता. लोकांनी हाहाकार केला तो पाण्यासाठी होताच. पण बांधायचं ठरलं असतं तर काय काय द्यावं लागेल, हेही त्यांना ठाऊक असणार.

आता राजाचा स्वतःचा खजिना म्हणजे काय, हेही विचारायला हवं. त्याच लेखात पुढे लिहिलंय की हा खजिना रीतसर मिळवलेल्या बली, शुल्क आणि भाग यांनी, म्हणजे करांनी आणि शेतमालाच्या हिश्शानी भरलेला होता. सोनं, रुपं, हिरे, वैडूर्य. म्हणजे पैसा फिरून लोकांचाच. पण भरल्या खजिन्यातून दुरुस्ती करणं आणि फुटल्या तलावापाशी नव्यानं हात पसरणं यांत फरक आहे, आणि तो फरक ज्याच्या घरात चूल विझते त्याला लगेच कळतो.

हे काम पार पाडलं सुविशाख नावाच्या अमात्यानं. कुलैप याचा मुलगा, जातीनं पहलव, म्हणजे मूळचा इराणकडचा. आनर्त आणि सुराष्ट्र या प्रांतांचा कारभार त्याच्याकडे होता. पुष्यगुप्त वैश्य, तुषास्फ यवन, सुविशाख पहलव. एकाच बांधावर किती मुलखांची माणसं! सुविशाखाचे गुण सांगताना एक शब्द येतो, अहार्य. ज्याला कुणी आपल्याकडे ओढू शकत नाही असा. अभ्यासक त्याचा अर्थ लाच न घेणारा असा करतात. धरणाच्या कामावरच्या अधिकाऱ्याचं वर्णन करताना हा गुण सांगावासा वाटला, तेव्हा तोही सर्रास आढळत नसावा.

या दुरुस्तीनंतर तलाव तीनशे वर्षं टिकला. मग पुन्हा फुटला, गुप्त संवत १३६ मध्ये, म्हणजे इसवी सन ४५५ च्या सुमाराला. या वेळी भाद्रपदाचा सहावा दिवस होता आणि रात्र होती. पाऊस बराच काळ थांबला नव्हता. तेव्हा सौराष्ट्राचा अधिकारी पर्णदत्त होता आणि नगराची जबाबदारी त्याचा मुलगा चक्रपालित याच्याकडे होती. हा लेख पद्यात आहे, आणि त्यातली एक गोष्ट मनातून जात नाही. लोक इतके खचले की रात्रीच्या पहिल्या प्रहरी आणि शेवटच्या प्रहरीही उठून एकमेकांना विचारत होते, कसं करायचं, आता कसं करायचं? ज्या गावाचं पाणी गेलंय त्या गावाची झोप कशी असते, हे त्या कवीला माहीत होतं.

काम मात्र लगेच सुरू झालं नाही. ते सुरू झालं पुढच्या वर्षी, ग्रीष्माच्या महिन्यात, पहिल्या पक्षाच्या पहिल्या दिवशी, आणि दोन महिन्यांत पुरं झालं. कारण तुम्हाला सांगायला नको. ओल्या चिखलावर भराव टाकून चालत नाही. माती वाळावी लागते, थर टाकून, पाणी शिंपडून, धुम्मसानं चोपावा लागतो, आणि सगळं मृगाच्या आत उरकावं लागतं. ते दोन महिने चुकले असते तर आणखी एक वर्ष गेलं असतं. मधले सगळे महिने लोकांनी कसे काढले, त्याबद्दल लेखात अक्षरही नाही. चक्रपालिताचं कौतुक मात्र वेगळ्याच गोष्टींसाठी केलंय. तो समोरच्याशी आधी हसून मग बोलायचा, मान द्यायचा, आणि लोकांचं त्याच्या घरी, त्याचं लोकांच्या घरी आडकाठीशिवाय जाणंयेणं होतं. बंगल्याच्या फाटकावर चिठ्ठी पाठवून बसावं लागत नव्हतं, असं समजू या.

या दोन्ही लेखांत बायका कुठं आहेत, हे मी शोधलं. रुद्रदामनाच्या लेखात राजकन्या आहेत, स्वयंवरात त्याच्या गळ्यात माळ घालणाऱ्या. स्कंदगुप्ताच्या लेखात नद्या आहेत. कवी म्हणतो, डोंगराच्या या लेकी बरेच दिवस तलावात अडकून पडल्या होत्या, त्या बांध फुटल्यावर शास्त्राप्रमाणे आपल्या पतीकडे, समुद्राकडे गेल्या. कल्पना छान आहे. तिकडे गावाचं पाणी गेलंय आणि कवीला सासरी निघालेल्या मुली दिसतायत! बांधावर माती टाकणारं मात्र कुणीच नाही, बाई नाही आणि बाप्याही नाही. दोन महिन्यांत १०० हात लांब, ६८ हात रुंद आणि सात पुरुष उंचीचा बांध उभा राहिला, पण पाटी कुणाच्या डोक्यावर होती ते कळत नाही.

एक बाई मात्र आहे, जुनागढला नाही, आपल्याकडे. रुद्रदामनाच्या लेखात असंही आहे की दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला त्यानं दोनदा हरवलं, पण जवळचं नातं असल्यामुळे संपवलं नाही. हे नातं कोणतं, याचा धागा मुंबईजवळच्या कान्हेरीच्या लेण्यांत सापडतो. तिथं एका पाण्याच्या टाक्यापाशी लेख आहे. तो वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख करतो. ती कार्दमक वंशातली, महाक्षत्रप रुद्र याची मुलगी. हा रुद्र म्हणजे रुद्रदामनच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तिच्या विश्वासातला अमात्य शतेरक यानं ते पाण्याचं टाकं दान दिलं. बापाच्या लेखात तलाव, लेकीच्या लेखात टाकं. लेख तुटलेला आहे. बापाचं नाव अर्धंमुर्धं उरलंय, नवऱ्याचं आहे, अमात्याचं आहे. तिचं स्वतःचं नाव त्यात नाही.

सुदर्शन तलाव आज नाही. केव्हातरी तो परत फुटला असेल किंवा गाळानं भरला असेल. खडक आहे, त्यावर आता छप्पर आहे, आणि गिरनारला जाणारे यात्रेकरू त्याच्यावरून पुढे जातात.

आमचा पाझर तलाव मुळात बहात्तरच्या दुष्काळातला. त्याच्यावर माझ्या सासूबाईंनी पाट्या टाकल्या. त्या सांगायच्या, सकाळी हजेरी, दुपारी सुकडी, हाताला मुरुमाचे घट्टे, आणि लेकरू बाभळीला बांधलेल्या झोळीत. त्यांच्याबरोबरच्या सात-आठ जणी आमच्या गावात अजून आहेत. तुमच्याही गावात असतील. तेव्हा एक काम सांगते. ज्यांच्या घरात बहात्तरला तलावावर, नालाबांधावर किंवा खडी फोडायला गेलेली आजी असेल, त्यांनी तिला बुधवारी दुपारी आपल्या केंद्रावर घेऊन या. कागदपत्र काही नको. तिनं आपलं नाव, माहेरचं आणि सासरचं दोन्ही, आणि कुठल्या तलावावर काम केलं ते सांगायचं. आम्ही ते आवाजात नोंदवून ठेवणार आहोत. चालवत नसेल तर निरोप द्या, आम्ही घरी येऊ.